मग ती माणसं गेली कुठे? केंब्रिज, लिंकन, यॉर्क : एका स्टडी ट्रिपची केस

आधी प्लॅन सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. चार दिवस, चार गावं : केंब्रिज, लिंकन, यॉर्क आणि डरम. २४ विद्यार्थी, सगळे मास्टर्सचे, विषय शहर नियोजन आणि जुन्या इमारतींचं जतन. मिडलंड्समधली, म्हणजे मध्य इंग्लंडमधली एक युनिव्हर्सिटी, कुठली ते जाऊ दे. सोबत आमचे प्रोफेसर आणि मी. मी म्हणजे पीएचडी करता करता टीचिंग असिस्टंटचं काम करणारी, प्रत्यक्षात डोकी मोजणारी, तिकिटं सांभाळणारी आणि कोचमध्ये कोणाला मळमळलं की पिशवी पुढे करणारी. २४ मधले ९ जण भारतातले, त्यातले ४ मराठी, आणि त्या चौघांची मी पहिल्या आठवड्यापासूनच ताई झालेली, त्यामुळे 'ताई चार्जर आहे का' पासून 'ताई घरी फोन लागत नाहीये' पर्यंत सगळं माझ्याकडेच.

प्लॅनची एक्सेल शीट मीच बनवली होती, तेव्हा शिव्या घालायच्या तर मलाच. अठरा ठिकाणं होती त्यात. प्रत्येकापुढे मिनिटं टाकलेली, चॅपल ४०, म्युझियम ४५, जेवण ३०. शीट बघून डिपार्टमेंटमध्ये सगळे खूश, प्रोफेसर पण म्हणाले काय नीट काम केलंयस. टॉयलेटला २४ जणांना किती वेळ लागतो याचा कॉलम मात्र त्यात नव्हता, आणि ज्यांनी कधी ग्रुप नेलाय त्यांना कळलं असेल मी काय म्हणतेय ते.

बुधवार, ऑक्टोबरचा शेवट, घड्याळं एक तास मागे जायच्या आधीचा आठवडा. सकाळी साडेसहाला निघालो, ए-१४ हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो, नऊला पोचायचं ते सव्वादहाला केंब्रिजच्या कडेला उतरलो. कोच गावात आत जाऊ शकत नाही, तो सोडून लांब जाऊन थांबतो, म्हणजे एकदा उतरलात की छत्री, डबा, जॅकेट सगळं अंगाखांद्यावर. त्यात पाऊस. त्यानंतरचे सात तास म्हणजे नुसती पळापळ. गोल चर्च बघितलं, साधारण ११३० च्या सुमाराचं, इंग्लंडमध्ये अशी मध्ययुगीन गोल चर्च बोटांवर मोजण्याइतकीच उरलीयत, आणि आम्ही तिथे किती वेळ होतो तर बारा मिनिटं. सेंट बेनेट्स चर्चचा सॅक्सन काळातला, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचा टॉवर, गावातली सगळ्यात जुनी उभी इमारत, तो तर चालता चालताच दाखवला. दुपारी दोनपर्यंत पोरांचे चेहरे बघवत नव्हते, कोणी फोटो पण काढत नव्हतं, आणि फोटो काढणं बंद झालं की समजायचं ग्रुप संपला.

किंग्ज कॉलेजच्या हिरवळीसमोर प्रोफेसर बोलत होते. ते सांगत होते की १४४१ मध्ये राजा सहाव्या हेन्रीने हे कॉलेज काढलं आणि मग त्याला ते अजून मोठं हवं झालं, म्हणून त्याने नदीपर्यंतचा गावाचा भर वस्तीचा तुकडा विकत घेतला, घरं, दुकानं, गल्ल्या, नदीवरचे धक्के, एक अख्खं चर्च, सगळं काढून टाकलं. मिल्न स्ट्रीट नावाचा चांगला वाहता रस्ता होता तो मधूनच कापला गेला, आज त्याची दोन टोकं दोन बाजूंना वेगवेगळ्या नावांनी उरलीयत, दक्षिणेला क्वीन्स लेन आणि उत्तरेला ट्रिनिटी लेन. चॅपलचं दगडकाम १४४६ ला सुरू झालं ते १५१५ ला संपलं. म्हणजे मधली कित्येक वर्षं तिथे गावही नव्हतं आणि धड चॅपलही नव्हतं.

प्रोफेसर हे सगळं फार छान सांगतात पण ऐकत कोणीच नव्हतं. आणि मागून एकीने विचारलं, "मग ती माणसं गेली कुठे?"

ही मुलगी आमच्या चौघांतली, इंदापूर तालुक्यातली. तिच्या आजोबांचं गाव उजनी धरणात गेलेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, म्हणजे तिच्या जन्माच्या कितीतरी आधी, पण घरात ती गोष्ट जिवंत आहे, कुठली विहीर कुठे होती, चावडी कुठे होती, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि सगळे बघायला जातात वगैरे. तिच्यासाठी तो प्रश्न विचारणं म्हणजे काही फार हुशारीचं काम नव्हतं, गाव उठलं म्हटल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो. पण प्रोफेसर दोन सेकंद थांबले. म्हणाले, चांगला प्रश्न आहे. आणि घड्याळ बघून पुढे निघाले, कारण शीटप्रमाणे आम्ही एव्हाना पन्नास मिनिटं मागे होतो.

पाचला निघायचं ते सव्वासहा झाले. दोघं जण चुकीच्या पुलावर जाऊन थांबलेले. आणि इथे आमचे ड्रायव्हर काका आले गोष्टीत. काका म्हणजे इंग्रज, पण आम्ही आपापसात काकाच म्हणायचो, ते गालात हसायचे. त्यांनी शांतपणे गणित मांडलं. इथे कोचच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा ब्रेक घ्यावाच लागतो, दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यात फक्त दोनदा १०, आणि रोज ११ तास सलग विश्रांती. ही विश्रांती ९ तासांवर आणता येते पण दोन आठवडी सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच. सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं, तिथे 'काका प्लीज' चालत नाही. ते म्हणाले, तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या त्या तीनातली एक सवलत खर्च केलीत, असेच चाललात तर शनिवारी डरम करून घरी पोचवणं मला जमणार नाही.

लिंकनला पोचेपर्यंत साडेआठ. हॉस्टेलचं किचन आठला बंद. रात्रीचं जेवण काय झालं तर चिप्स, आणि एका पोराच्या आईने कोणाच्या तरी हातून पाठवलेले ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी दोन ग्रीक पोरांनी चिप्सवर टाकून खाल्ली आणि पुढचे तीन दिवस ते त्या पोराच्या मागे होते.

त्या रात्री मीटिंग झाली ती कॉमन रूममध्ये, ओले मोजे रेडिएटरवर वाळत टाकलेले अशा वातावरणात. डरम प्लॅनमधून काढून टाकायचं का हा विषय. डरमवरून वाद चांगलाच झाला, तिथलं कॅथीड्रल १०९३ ला सुरू झालेलं, किल्ला आणि कॅथीड्रल मिळून १९८६ पासून जागतिक वारसा, आणि दोघा-तिघांनी तर कोर्स निवडतानाच ते डोक्यात धरलेलं. एक जण खरंच चिडला, म्हणाला मी यासाठी पैसे भरलेत. त्याचं चुकलं नव्हतं. पण काकांचं गणित गणितच होतं. तरी नुसतं एक गाव कमी करून भागणार नव्हतं, दोन गावंही अशीच पळत बघितली असती तर तेच झालं असतं, कारण अडचण वेळेची होतीच पण त्याहून जास्त ही होती की नक्की काय बघायचं हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

मग मी तो दुपारचा प्रश्न परत काढला. म्हटलं उद्यापासून प्रत्येक ठिकाणी एवढंच शोधायचं, इथे आधी कोण होतं, त्यांना कोणी हलवलं आणि ते गेले कुठे. प्रोफेसरांना आधी ते फार भाबडं वाटलं. मग ते एकदम गप्प झाले, बॅगेतून नकाशा काढला आणि जे सांगितलं त्याने मलाच लाज वाटली. १०६८ मध्ये विल्यम, तोच नॉर्मन, हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झालेला, बंड मोडायला यॉर्कला गेला होता, आणि तिथून परत येताना त्याने वाटेत किल्ले उठवले. यॉर्क, मग लिंकन, मग हंटिंग्डन, मग केंब्रिज. म्हणजे आमचा रूट हा त्याचाच रस्ता, फक्त उलटा. शीट बनवताना मला हे माहीत नव्हतं, मी फक्त हॉस्टेल कुठे स्वस्त मिळतं ते बघितलं होतं. आणि केंब्रिजच्या किल्ल्याची ती टेकाडासारखी मातीची उंच रास, मध्यावरून पंधरा-वीस मिनिटांवर, चढायला फुकट, ती आमच्या अठरा ठिकाणांत नव्हतीच. डूम्सडे बुकात त्या किल्ल्यासाठी २७ घरं पाडल्याची नोंद आहे.

डूम्सडे बुक म्हणजे काय ते एका वाक्यात : १०८६ मध्ये विल्यमने करवून घेतलेली जमाबंदी, कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, पूर्वी कोणाची होती, आता कोणाची. आपल्याकडे सातबारा बघून जसं घराण्याचं भांडण कळतं तसं. आणि तिचा मजकूर आता फोनवर शोधून फुकट वाचता येतो, हे आमच्या खूप कामाला आलं.

गुरुवारी लिंकन. शीट फाडली नाही, पण सात ठिकाणांवर काट मारून तीन ठेवली. गाव दोन मजली आहे असं म्हणायला हरकत नाही, वर टेकडीवर कॅथीड्रल आणि किल्ला, खाली नदी, दुकानं, ब्रेफर्ड पूल नावाचं तळं, आणि दोन्हीच्या मध्ये स्टीप हिल नावाचा रस्ता, ज्याचं नाव ठेवणाऱ्याने अजिबात डोकं चालवलेलं नाही, चढ आहे म्हणून स्टीप हिल. चढ साधारण सातास एक, कडेला धरायला लोखंडी कठडा लावलाय, आणि त्यावर म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन आमच्या पुढे निघून जात होत्या.

किल्ल्याच्या तटावर चढलो. इथे १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, ठेवलाय, ज्या चारच मूळ प्रती उरल्यात त्यातला एक, आणि सगळे पर्यटक त्याच्याकडे धावतात. आमचे सहा जण तटावर वाऱ्यात बसून डूम्सडेमधलं लिंकन वाचत होते. त्यात असं आहे की शहरात २४० घरं ओसाड पडलीयत. त्यातली १६६ किल्ल्यासाठी पाडली. आणि बाकीची ७४? तर लिहिणाऱ्याने काळजीपूर्वक लिहून ठेवलंय की ती काही शेरीफच्या किंवा अधिकाऱ्यांच्या जुलमाने नाही, तर दुर्दैव, गरिबी आणि आगीमुळे ओसाड झाली. यावर आमची चार मराठी पोरं एकदम हसली, बाकीच्यांना कळेना काय झालं. साताऱ्याचा एक जण म्हणाला, ताई ही तर पक्की सरकारी भाषा आहे, प्रकल्पग्रस्त एवढे आणि बाकीचे आपलेआपण गेले. मला हे बाकीच्यांना इंग्लिशमध्ये समजावून सांगताना अर्धा जोर गेला त्यातला, पण एका पोलंडच्या मुलीने मान डोलावली, तिच्याकडे पण असली भाषा आहे म्हणाली.

मग शोध सुरू झाला की ते १६६ घरांतले लोक कुठे. त्याच नोंदीत थोडं पुढे कोल्स्वाइन नावाचा माणूस सापडतो. राजाने त्याला शहराबाहेरची पडीक जमीन दिली, जिथे आधी कधी वस्ती नव्हती, आणि त्याने तिथे ३६ घरं आणि २ चर्च वसवली. पोरांनी लगेच जोड लावली, वरून उठवले आणि खाली नदीकडे नेऊन बसवले. हा तर्क झाला, तशी नोंद नाही, आणि १६६ कुठे नि ३६ कुठे, हे प्रोफेसरांनी तिथेच सांगितलं. पण मजा बघा, काल चर्चमध्ये बारा मिनिटं उभं राहायला कंटाळलेली हीच पोरं आता १०८६ च्या आकड्यांवरून भांडत होती आणि त्यासाठी मुद्दाम टेकडी उतरून खाली गेली. खाली हाय ब्रिज आहे, साधारण ११६० चा, पुलावर घरं असलेला, अजून वापरात. स्टीप हिल संपते तिथे ज्यूज हाउस, बाराव्या शतकातलं दगडी घर. ज्यूंना १२९० मध्ये राजा पहिल्या एडवर्डने देशातूनच हाकललं. इथे प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मिळालं आणि कोणाला आवडलं नाही.

एक जरा विषय सोडून सांगते. गावाच्या उत्तरेला न्यूपोर्ट आर्च आहे, रोमन वेस, खालून आजही गाड्या जातात. १९६४ मध्ये एक लॉरी त्यात अडकली आणि कमानीचं बरंच नुकसान झालं, दगड परत रचून लावावे लागले. २००४ मध्ये पुन्हा एक लॉरी. काका हे ऐकून म्हणाले, म्हणूनच मी तिकडे येणार नाही, आणि आले नाहीत, पोरांना चालत जावं लागलं.

दुपारी साडेतीनला निघून संध्याकाळी यॉर्क. काकांचे अकरा तास शाबूत, जेवण गरम, कोणी हरवलं नाही. ट्रिपमधला सगळ्यात नीरस प्रवास आणि सगळ्यात सुखाचा.

यॉर्कबद्दल जुना विनोद आहे की इथे रस्त्यांना गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब. गंमत बाजूला ठेवली तरी त्यात इतिहास आहे. वायकिंगांनी ८६६ मध्ये शहर घेतलं, त्यांच्या भाषेत गाटा म्हणजे रस्ता, म्हणून कॉपरगेट, मिकलगेट, स्टोनगेट. त्याआधी रोमन, इसवी सन ७१ पासून. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला इथेच सैन्याने सम्राट म्हणून जाहीर केलं. म्हणजे थरावर थर, खणाल तिथे काहीतरी. कॉपरगेटला मिठाईचा कारखाना पाडला म्हणून १९७६ ते ८१ खणायला मिळालं आणि ओल्या मातीत वायकिंगांची घरं, चामडं, लाकूड सगळं टिकलेलं सापडलं, त्यावरच १९८४ मध्ये जॉर्विक सेंटर उघडलं. तिथे काचेत एक वायकिंगाची वाळलेली विष्ठा ठेवलीय, चांगली वीस सेंटिमीटरची, जवळच एका बँकेच्या जागी सापडलेली. २४ जणांपैकी सगळ्यांना आठवणारी वस्तू तीच, आम्ही शिक्षक लोकांनी हे मान्य केलेलं बरं.

शुक्रवारी पाऊस धो धो, तटावरून चालायचं शनिवारवर ढकललं आणि सहा-सहाचे चार गट केले. किल्ल्याचा गट क्लिफर्ड्स टॉवरला गेला. डूम्सडे सांगतं की यॉर्कचे सात विभाग होते त्यातला एक किल्ल्यांसाठी उजाड केला. किल्ले म्हणजे दोन, नदीच्या दोन्ही बाजूंना एकेक, १०६८ आणि १०६९. पण त्या टेकाडावर ११९० च्या मार्चमध्ये आणखी एक गोष्ट घडली, जमावाने घेरलेले साधारण १५० ज्यू तिथल्या लाकडी बुरुजात मेले, बऱ्याच जणांनी स्वतःचाच शेवट केला. 'ती माणसं गेली कुठे' हा प्रश्न त्या गटाने तिथे विचारलाच नाही. संध्याकाळी त्यांनी फक्त पायथ्याच्या पाटीचा फोटो दाखवला आणि खाली बसले.

दुसऱ्या गटाला मी हंगेट दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर उरलंसुरलं म्हणून दिलं होतं. हंगेट म्हणजे फॉस नदीकाठची जुनी गरीब वस्ती, आज तिथे नवे फ्लॅट आहेत, बघायला काही नाही. पण यॉर्क हे चॉकलेटचं गाव, आणि त्यातल्या राउंट्री घराण्यातल्या सीबम राउंट्रीने १८९९ मध्ये या शहरातल्या कामगारांच्या घराघरात माहिती गोळा करवली, ११,५६० कुटुंबं, आणि १९०१ मध्ये छापलं की शहराचे २७.८४ टक्के लोक गरिबीत जगतात. तोपर्यंत बऱ्याच लोकांना वाटायचं ही लंडनची भानगड आहे. १९३० च्या दशकात हंगेट पाडलं. लोक कुठे गेले? इथे पहिल्यांदा पक्कं उत्तर होतं, बरेचसे टँग हॉलला, पूर्वेला कौन्सिलने बांधलेल्या नव्या घरांत. ही सहा पोरं पावसात चालत टँग हॉलला गेली. कुठल्याच गाइडमध्ये टँग हॉल नाही. जोडघरं, पुढे मागे छोटी बाग, दुकान, शाळा, बस. दोन तास फिरली आणि परत येऊन प्लॅनिंगवर जे बोलली ते वर्षभराच्या सेमिनारमध्ये कोणी बोललं नव्हतं, की बाग मिळाली पण बाजार लांब गेला, हंगेटहून कामाला चालत जाणाऱ्या माणसाला आता बसचं भाडं, घर सुधारलं आणि महिन्याचा खर्च वाढला. पुढे त्यांचाच रिपोर्ट सगळ्यात चांगला आला. मी उरलंसुरलं म्हणून दिलेला विषय, लक्षात ठेवा.

आता जे जमलं नाही ते. एक, जॉर्विकची वेळ ठरवून काढलेली तिकिटं, हंगेटवाल्यांची सहाच्या सहा वाया गेली, त्यावरून ऑफिसला मला लेखी खुलासा द्यावा लागला. दोन, शाकाहारी पोरांचे हाल. इंग्लंडमध्ये शाकाहारी मिळत नाही असं नाही, भरपूर मिळतं, पण पाच लोकांना तीन दिवस चीज सँडविचचा मील डील घालणं हे माझ्या नियोजनाचं अपयश, थंडीत माणसाला गरम काहीतरी लागतं. तीन, शुक्रवारी संध्याकाळी डोकी मोजली तर २३. चोविसावा अर्ध्या तासाने सापडला, नॅशनल रेल्वे म्युझियममधून शेवटी बाहेर काढलेला. तो मॅलार्डजवळ बसून होता, १९३८ मध्ये ताशी १२६ मैल पळालेलं वाफेचं इंजिन. त्याच्या गटाचा विषय होता मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं कॅथीड्रल. डरमवरून चिडला होता तो हाच, त्यामुळे मी फार काही बोलले नाही.

आणि चार, ही तक्रार पोरांनीच केली आणि ती मला अजून टोचते. मिन्स्टरच्या गटातली नागपूरची मुलगी म्हणाली, ताई आपण सगळीकडे फक्त पाडापाडीच बघतोय. तिथे पूर्वेची मोठी खिडकी आहे, टेनिस कोर्टाएवढी, जॉन थॉर्न्टनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत केली, सगळी मजुरी मिळून ५६ पौंड. ती त्या खिडकीखाली पाऊण तास बसली होती, आणि तिला आमचा प्रश्न तिथे लावायचाच नव्हता. एका प्रश्नाने ट्रिप वाचली हे खरं, पण एकच प्रश्न घेऊन फिरलं की तो चष्मा होतो, काच त्यातून दिसत नाही. मी तिला म्हटलं तू खिडकीवरच लिही. प्रोफेसरांना विचारलं नव्हतं, नंतर सांगितलं.

शनिवारी सकाळी ऊन. यॉर्कचा तट साधारण ३.४ किलोमीटर, वरून चालता येतं, आणि तो आज आहे हेही नशीबच, कारण १८०० च्या सुमाराला गावच्या कारभाऱ्यांनाच तो पाडायचा होता, काही भाग पाडलाही. वेशींपुढचे संरक्षक भाग तीन ठिकाणी गेले, आता फक्त वॉमगेट बारला शिल्लक आहे. विल्यम एटी नावाच्या चित्रकाराने आणि इतरांनी ओरड केली म्हणून उरलं ते उरलं. मंक बारवरून चढलो, मिन्स्टर मागे टाकून लेअरथॉर्पच्या दिशेने, आणि तिथे तट संपतो. संपतो म्हणजे खरंच संपतो, पायऱ्या उतरायच्या, समोर वाहता रस्ता, गाड्या, पुढे मोठमोठी दुकानं. मग अर्धा-पाऊण किलोमीटर काही नाही, आणि रेड टॉवरपाशी विटांच्या बुरुजाने तट परत सुरू.

सगळ्यांना वाटलं हा तुकडा पाडला असणार, तीन दिवस पाडापाडीच शोधत होतो ना. पण इथे तट कधी बांधलाच नव्हता. विल्यमने किल्ल्याभोवती पाणी खेळवायला फॉस नदीवर बांध घातला, त्यामागे पाणी तुंबून मोठं तळं झालं, राजाचं तळं म्हणून किंग्ज फिशपूल. या बाजूने शत्रू येणार तरी कसा, मधे पाणी, मग भिंत कशाला. आणि डूम्सडेत त्याचीही नोंद आहे, राजाच्या तळ्याने दोन नव्या गिरण्या बुडाल्या, आणि नांगरटीची जमीन, कुरणं, बागा मिळून एका नांगराची पुरी जमीन गेली.

इंदापूरची मुलगी ते फोनवर वाचत होती. आम्ही उभे होतो तो रस्ता फॉस आयलंड्स रोड, तळ्याच्याच जागेवरून गेलेला, तळं पुढे शतकानुशतकं गाळाने भरत गेलं. ती म्हणाली, "ताई, हे बुडीत क्षेत्र आहे." हसून म्हणाली, पण मग बराच वेळ तिथेच उभी राहिली, बाकीचे रेड टॉवरला पोचले तरी. तिने रस्त्याचा फोटो काढला, गाड्या, सिग्नल, दुकानाची पाटी, काहीच बघण्यासारखं नसलेला फोटो, आणि घरच्या ग्रुपवर टाकला, खाली चार ओळी लिहून की इथे हजार वर्षांपूर्वी असंच झालेलं.

दीडला कोच निघाला. काकांनी डोकी मोजली, मी मोजली, २४. लीड्सच्या पुढे गेल्यावर ती मागून उठून माझ्या सीटपाशी आली आणि फोन पुढे केला. वडिलांचा मेसेज आला होता : 'मग उन्हाळ्यात पाणी उतरतं का तिथलं? काही वर येतं का?'